साडेसोळा फुटांची वाट

लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात असे लातूरकर मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीच्या पहाटे, जगदंबेच्या देवळासमोर आपापल्या सायकली टेकवून उभे असताना, या सोळांपैकी एकही रस्ता आपल्या कामाचा नाही, या निष्कर्षाप्रत आम्ही दोघे आलो. आम्हांस जायचे होते नांदेडला. सरळ गेले तर चाकूर, अहमदपूर आणि लोहा या गावांवरून हे अंतर सुमारे १४० किलोमीटर भरते, आणि रत्नागिरीहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ते मोटारीला एका दमात काटून देतो; पण त्या मार्गावर उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वाळूचे टिप्पर, आणि त्यात माळेगावची यात्रा भरू लागलेली, म्हणजे खंडोबाच्या दर्शनाला आणि जनावरांच्या बाजाराला लोटलेली सारी पंचक्रोशी; अशा गर्दीत साठी ओलांडलेल्या दोघा सायकलस्वारांनी आपले प्राण कोणाच्या हवाली करावेत?

माझे सोबती भूमी अभिलेख खात्यातून निमतानदार म्हणून सेवानिवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्यापाशी मुलाने पुण्याहून पाठविलेली एकवीस गिअरांची हलकी सायकल होती, आणि माझ्यापाशी दांड्याच्या ब्रेकांची, बावीस इंची, काळी, जिच्यावर बसून मी तीस वर्षे शाळेत गेलो ती. मात्र आमच्या सामानातली सर्वांत मोलाची वस्तू सायकल नव्हे, तर त्यांच्या कॅरिअरला बांधलेली प्लॅस्टिकची एक नळकांडी होती, आणि तिच्यात वाटेवरील कित्येक मौज्यांच्या गावनकाशांच्या प्रती गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

सायकलीने नदीकाठ पाहण्याचा छंद युरोपात पुष्कळ जुना आहे. फ्रान्सात लॉयर नदीच्या तीराने सुमारे नऊशे किलोमीटरांचा सायकलमार्ग आखलेला आहे. जर्मनीत मोझेल नदीच्या नागमोडी वळणांवर, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला चढणीवरचे द्राक्षमळे ठेवून, मनुष्य दिवसेंदिवस मोटारीचे तोंड न पाहता जाऊ शकतो. आणि जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाने जी प्रसिद्ध वाट जाते, तिचे कित्येक तुकडे म्हणजे, वाफेची जहाजे येण्यापूर्वी प्रवाहाच्या उलट दिशेने होड्या ओढून नेणाऱ्या घोड्यांच्या पायवाटा होत. या शेवटच्या गोष्टीने माझे लक्ष विशेष वेधून घेतले होते. म्हणजे ती वाट सायकलवाल्यांसाठी कोणी निर्माण केली नाही. दुसऱ्याच एका प्रयोजनासाठी झालेली, ते प्रयोजन सरल्यावर पडून राहिलेली वाट त्यांनी उचलली, एवढेच. मग आपल्याकडे अशी पडून राहिलेली वाट कोणती, असा प्रश्न मी एकदा निमतानदारसाहेबांपुढे टाकला असता त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, ‘दप्तरात आहे की, गुरुजी.’

गावनकाशावर वाटांच्या जाती रेषांवरून ओळखायच्या असतात. तुटक दुहेरी रेषेने दाखविलेला तो गाडीमार्ग, तुटक एकेरी रेषेने दाखविलेला तो पायमार्ग. आणि दोन गावांच्या शिवेवरून, दोन्ही गावांची थोडीथोडी जमीन घेऊन जाणारा तो शिवरस्ता. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. हे आकडे असे अडनिडे का असावेत, हे कोडे मला वर्षानुवर्षे पडलेले होते, आणि ते निमतानदारसाहेबांनी औशाच्या अलीकडे, एका बाभळीखाली चहा पिता पिता, दोन वाक्यांत सोडविले. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची; तिच्या लांबीरुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा. निम्मी साखळी म्हणजे साडेसोळा फूट, पाव साखळी म्हणजे सव्वाआठ. समोरून बैलगाडी आली तर तिला वाट देता यावी म्हणून गाडीला निम्मी साखळी, आणि डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाला पाव साखळी, असा हा जुना हिशेब. पुढे १९६६ च्या जमीन महसूल संहितेने, कलम १४३ अन्वये, बांधांवरून जाण्यायेण्याचा हक्क ठरविण्याचे काम तहसीलदाराकडे सोपविले. तथापि मोटारसायकली आणि डांबरी सडका आल्यानंतर या वाटांवरून जाणारा मनुष्य उत्तरोत्तर विरळ होत गेला, आणि वाट राहिली ती कागदावर व कज्जात.

आमचा बेत असा, की या वाटांनी मांजरेचा माग काढीत नांदेड गाठावे. मांजरेची चाल विलक्षण आहे. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. धनेगावच्या धरणात थांबून, लातूर जिल्ह्यातून आग्नेयेकडे उतरून बिदरकडे जाते. तेथून मेदकच्या मुलखात शिरते. आणि मग, गोदावरीकडे पाठ फिरविली आहे असे वाटत असतानाच एकाएकी उत्तरेस वळून, निजामसागराचे पाणी देऊन, नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सरहद्दीवर पुन्हा हजर होते, व कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते. बदलीवर गेलेल्या कारकुनाने तीन सुभ्यांची चाकरी करून पेन्शनीला स्वगृही परतावे, तसा तिचा हा ७२४ किलोमीटरांचा प्रवास आहे. या नदीवर लातूर शहराची तहान अवलंबून असते, आणि ती आटली म्हणजे काय होते हे सबंध देशाने पाहिलेले आहे: ज्या लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी प्रथम आली, त्याच लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून रेल्वे आली. तेव्हा नदीखोऱ्यातली सहल म्हटली की डोळ्यांपुढे जे भरलेले पात्र उभे राहते, ते वाचकाने येथे अपेक्षू नये. मांजरेवर आता बंधाऱ्यामागून बंधारा आहे. पाण्याची लांबट तळी एकापुढे एक मांडून ठेवावीत तसे तिचे रूप झाले आहे, आणि दोन तळ्यांच्या दरम्यान कोरडा खडक. परंतु काठची वाट सर्वत्र आहे.

लातूर आणि औसा या तालुक्यांच्या दरम्यान तावरजा नदी ओलांडली आणि आम्ही डांबर सोडले. औशाचा भुईकोट किल्ला बाहेरूनच पाहिला. खंदकाच्या कडेने फिरत बसलो असतो तर खरोसा त्या दिवशी झाले नसते. खरोशाकडे जाताना मात्र जमिनीचा रंग पालटतो. काळीभोर रान मागे पडते आणि तांबूस, जांभ्या दगडाचा माळ सुरू होतो. या माळावरचा मुरूम दाबून बसलेली वाट सायकलीला जी सुखावह असते तिची सर डांबरालाही नाही, कारण ती किंचित दबते, आवाज करीत नाही, आणि उन्हाने तापत नाही. याच जांभ्यात सहाव्या शतकाच्या सुमारास कोणी शिल्पकारांनी खरोशाची लेणी खोदली. शिवपार्वती, नृसिंह, कार्तिकेय, रावण, अशी मंडळी तेथे आहेत. पण वेरूळच्या काळ्या कातळासारखे हे दगडाचे मन घट्ट नाही. कोरायला सोपा म्हणून जो दगड निवडला तोच झिजायलाही सोपा निघाला, आणि आज कित्येक मूर्तींचे चेहरे पावसाने धुऊन नेलेले आहेत. लेण्यांच्या माथ्यावरून खाली पाहिले म्हणजे तांबड्या माळावर मधूनच हिरवे, सपाट, चौकोनी तुकडे दिसतात. ते द्राक्षांचे मांडव.

द्राक्षबागा नदीच्या काठी असतात ही माझी समजूत मोझेलच्या छायाचित्रांवरून झालेली होती, आणि ती एका बागाइतदार आप्पांनी मोडून काढली. त्यांची बाग औसा तालुक्यात, पुढे मांजरेला मिळणाऱ्या तेरणेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या माळावर. आमच्या हातातील नकाशा पाहून त्यांचा चेहरा प्रथम उतरला. ‘मोजनीला आलाव का?’ असे त्यांनी विचारले, आणि आम्ही नुसते फिरायला आलो आहोत यावर विश्वास बसायला त्यांना चहाचे दोन कप लागले. मग मात्र त्यांनी आम्हांला मांडवाखाली नेले. तेथे वाकून चालावे लागते. डोक्यावर तारांची जाळी, तीवर पसरलेले ओलांडे, आणि खाली लोंबणारे हिरवे, आंबट, वाटाण्याएवढ्या मण्यांचे घड. पिकायला अजून दोन महिन्यांचा अवधी. नदीचे पाणी घेता का, असे मी विचारले.

‘कुठलं जी! तेरना खाली, आमी वर. समदं बोरचं पानी. आन् नदीकाठची काळी रानं वेलीला चालतच न्हाईत. पाय वल्ले राहिले की वेल सडली म्हनून समजा. तिथं ऊस.’

हे सूत्र पुढे सबंध प्रवासात आम्हांला वाटाड्याप्रमाणे उपयोगी पडले. नदीलगतच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत ऊस, आणि निचऱ्याच्या मुरमाड उतारावर द्राक्ष. म्हणून ज्याला द्राक्षबागा पाहायच्या त्याने काठ सोडून अर्धी चढण चढावी, आणि ज्याला पाणी पाहायचे त्याने उसाच्या ट्रॉल्यांशी गाठ पडेल हे गृहीत धरावे.

वेलीच्या बाबतीत आणखीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. युरोपात हिवाळ्यात वेल झोपी जाते. पाने गळतात, वसंतात ती जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची फळे उतरवितात. त्या दिवसांत मोझेलच्या काठी सायकलवाल्यांची झुंबड असते. आपल्याकडे थंडी एवढी नसते, त्यामुळे वेलीला झोप अशी लागतच नाही, आणि तिची झोप माणसाला कात्रीने घडवून आणावी लागते. उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी करायची ती काडी तयार होण्यासाठी. आणि ज्या सुमारास तिकडे फळ उतरते त्या ऑक्टोबरात इकडे फळछाटणी करायची ती घड यावा म्हणून. दोन छाटण्या आणि एक पीक. चौदाव्या शतकात दौलताबादेस येऊन गेलेल्या इब्न बतूता या मूर प्रवाशाने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात अशी नोंद केली आहे, तिचे रहस्य हेच असावे. मोकळी सोडली तर दख्खनची वेल दोनदा फळेल, पण दोन्ही वेळचे फळ मध्यम निघेल, म्हणून आजचा बागाइतदार एका बहरावर पाणी सोडून दुसऱ्यावर सर्वस्व लावतो. पूर्वी या भागाला द्राक्ष ठाऊक होते ते हैदराबादेकडचे टपोरे ‘अनाब-ए-शाही’. बिया नसलेल्या थॉम्पसनचे वाण आले ते नंतर, आणि आप्पांच्या बागेतले लांबट मण्याचे सोनाका हे तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नजच्या एका बागाइतदाराने निवडलेले. मूळ मात्र त्याचे स्वतःचे नव्हे. खाली डॉगरिज नावाच्या रानवट अमेरिकन वेलीचा खुंट असतो, तो पाण्याची टंचाई आणि क्षार दोन्ही सोसतो, आणि त्यावर सोनाक्याचे कलम बांधतात. आप्पांना सर्वांत मोठी धास्ती होती ती गारांची. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यावर जी गारपीट झाली, तिच्यात पिकत आलेले घड मांडवाखाली रसासकट पडलेले त्यांनी पाहिले होते, आणि त्या दिवशीचा वास अजून जात नाही, असे ते म्हणाले. निघताना त्यांनी आंबट मण्यांचा एक घड माझ्या पिशवीत टाकला. चटणी करा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लारी लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छपन्न मिनिटांनी, गणपती विसर्जन करून दमून झोपलेल्या या गावावर आणि तेरणेकाठच्या कित्येक गावांवर जे कोसळले, त्याविषयी मी अधिक लिहिणार नाही. माती-दगडांच्या जाड भिंती, पांढऱ्या मातीची वजनदार धाबी, यांनीच माणसे मारली, हे तेव्हापासून सर्वश्रुत आहे. सायकलवरून जाताना जाणवते ते एवढेच, की नव्या किल्लारीच्या सरळ, काटकोनात छेदणाऱ्या, ऐसपैस रस्त्यांवर सावली फार थोडी आहे. आणि जुन्या गावठाणाकडे जाणारी वाट मात्र दुतर्फा झाडांनी झाकलेली, थंड आणि निर्मनुष्य आहे. निमतानदारसाहेब त्या वाटेने काही न बोलता चालत गेले, सायकल हातात धरून. भूकंपानंतर नव्या गावठाणांची मोजणी करणाऱ्या पथकांत ते तरुणपणी होते, हे त्यांनी मला त्या दिवशी प्रथम सांगितले.

तेथून औराद शहाजानीपर्यंतचा तेरणेचा काठ हा या प्रवासातला सर्वांत शांत टप्पा. तूर निघालेली होती, शाळू पोटरीत होता, करडईला अजून फूल नव्हते. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोपी दिसत, तेवढ्या जवळपासच कोठेतरी ट्रॅक्टर असे. एरवी दोन-दोन तास इंजिनाचा आवाज कानी पडला नाही. याच टप्प्यात नकाशा आणि जमीन यांची फारकतही आम्हांला पाहावयास मिळाली. कागदावर साडेसोळा फुटांचा शिवरस्ता स्पष्ट दिसत होता, आणि डोळ्यांपुढे होता तुरीच्या खुंटांनी भरलेला एक बांध. निमतानदारसाहेबांनी खिशातून टेप काढला, एक टोक मला धरावयास दिले, आणि गंभीरपणे माप वाचले: ‘तीन फूट चार इंच.’ बाकीचे कोठे गेले, असे मी विचारले. ‘बाकीचे तुरीत,’ ते म्हणाले, आणि आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या. त्यांची हलकी होती. माझ्या सायकलीविषयी त्यांनी काढलेले उद्गार येथे देत नाही.

औराद शहाजानीजवळ तेरणा मांजरेला मिळते. दोन्ही प्रवाह मंद, दोन्हींचे पाणी मातकट. संगमाचे म्हणून जे नाट्य असते ते येथे नाही, आणि मला ते अधिक आवडले. पलीकडे कर्नाटक. ही सरहद्द फार जुनी नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून काढून इकडे जोडण्यात आले, बिदर तिकडे राहिले, आणि नांदेड जिल्ह्यातील देगलूर तालुक्याचे बिचकुंदा व जुक्कल हे टापू आंध्राकडे गेले. दप्तरांची वाटणी झाली, नद्यांची झाली नाही. अजून या पट्ट्यात एक औराद महाराष्ट्रात आणि दुसरे औराद कर्नाटकात, आणि बाजारात एकाच वाक्यात तीन भाषा. येथे मांजरा आमच्या हातून सुटली. ती निजामसागराकडे गेली, ज्याचे काम नवाब अली नवाज जंग या अभियंत्याने १९२३ ते १९३१ या काळात करविले, आणि आम्ही तिला पुन्हा गाठण्यासाठी आडव्या वाटेने ईशान्येकडे वळलो.

तिसरा दिवस अमावास्येचा, म्हणजे येळवशीचा होता, आणि वाहनविरहित वाटांविषयीचा माझा सिद्धांत त्या दिवशी सपशेल आडवा झाला. कानडीतल्या एळ्ळ अमावास्येचे हे मराठी रूप; लातूर, धाराशिव आणि नांदेडचा हा सीमेलगतचा मुलूख सोडला तर उर्वरित महाराष्ट्राला ते फारसे ठाऊक नाही. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुटी देतात, बाजारपेठा ओस पडतात, आणि झाडून सगळे शेतात जातात. परिणामी राजरस्ता स्मशानवत मोकळा, आणि ज्या शिवरस्त्यांवर आम्ही एकांत शोधीत होतो ते मात्र मोटारसायकली, छोटे टेंपो, डोक्यावर आंबिलीचे बिंदगे घेतलेल्या बायका, नातवंडे आणि मधूनच एखादी सजवलेली बैलगाडी यांनी भरून वाहणारे. साडेसोळा फूट कशासाठी, हे त्या दिवशी मला कळले. प्रत्येक शेतात कडब्याची कोप, कोपीत पाच पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले दगड, आणि कोणाही वाटसरूला जेवल्यावाचून पुढे जाऊ न देण्याचा दस्तूर. ‘कुठं चाल्लाव? बसा की, भज्जी खाऊन जावा,’ असे आम्हांला दुपारपर्यंत सात ठिकाणी म्हणण्यात आले आणि आम्ही चार ठिकाणी बसलो. भज्जी म्हणजे तेलातली भजी नव्हेत: हिरवा हरभरा, तुरीचे दाणे, वाल, वांगी, गाजर, पालेभाज्या, शिवारात त्या वेळी जे जे हिरवे असेल ते बेसन आणि आंबट ताकात शिजवून केलेली ती दाट भाजी, सोबत बाजरीचे उंडे, आणि ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेले आंबील, जे मडक्यातून गार प्यायचे. चार आमंत्रणांनंतर सायकल चालविणे हे धैर्याचे काम आहे. त्या दिवशी आम्ही जेमतेम पंचवीस किलोमीटर गेलो.

देवणीकडच्या एका कोपीपाशी गोऱ्ह्यांची जोडी बांधलेली होती, आणि तिच्याविषयी मालकाने जे व्याख्यान दिले ते पुस्तकात घालण्यासारखे होते. देवणी गोवंशात तीन जाती: अंगभर काळे-पांढरे ठिपके तो शेवरा, अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजूंना काळे तो वानेरा, आणि स्वच्छ पांढरा तो बाळंक्या. तिकडे कंधारकडे मन्याडच्या खोऱ्यात लाल कंधारी. एक नदी ओलांडली की बैलाचा रंग बदलतो, असे तो म्हणाला. मन्याड हीसुद्धा शेवटी मांजरेलाच मिळते, हे मी त्याला सांगितले. त्याने ते नापसंतीने ऐकून घेतले.

उदगीरच्या किल्ल्यात एक संध्याकाळ गेली. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला येथे नमविले, आणि त्याच विजयाच्या भरात त्यांची पानिपताकडे रवानगी झाली, ही गोष्ट तटावर उभे राहून आठवली म्हणजे विजयाविषयी मनुष्य थोडा सावध होतो. तेथून देगलूरपर्यंत उतार. लातूरपेक्षा नांदेड दीडशे मीटरांहून अधिक खाली आहे, आणि या उताराचे श्रेय मी माझ्या पायांना देत होतो, तोच बाभळीच्या काट्याने मागच्या चाकाची हवा काढली. मराठवाड्यात सायकलने हिंडणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: दगड, खड्डे, कुत्री यांचे भय बाळगू नये, बाभूळ आणि सराटा यांचे बाळगावे. दोन ट्यूबा, सोल्यूशन, कानस, हवेचा पंप हे जवळ असलेच पाहिजे. आणि हे सगळे मार्गशीर्षापासून माघापर्यंतच. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते, मडगार्डात बसते, आणि दहा पावलांत सायकल जागची हलेनाशी होते.

पंक्चर काढून होट्टलला पोहोचेपर्यंत ऊन कलले होते, आणि ते चांगलेच झाले. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी पोट्टलनगरी म्हणून नावाजलेले हे गाव आज देगलूर तालुक्यातले एक लहानसे खेडे. तेथील सिद्धेश्वराच्या देवळाच्या बाह्य भिंतीवर ज्या सुरसुंदरी कोरलेल्या आहेत, त्यांच्यावर तिरपे ऊन येते तेव्हाच त्या पाहाव्या. आरशात पाहणारी, पायातला काटा काढणारी, केस पिळणारी अशा त्या स्त्रिया पाहून निमतानदारसाहेब प्रथमच मोजमाप विसरले. खरोशाचा जांभा आणि होट्टलचा काळा पाषाण यांच्यात पाच शतकांचे अंतर आहे, पण चेहरे शाबूत राहिले ते दगडामुळे, कलेमुळे नव्हे, हे तेथे उभे राहून पटते.

पाचव्या दिवशी बिलोलीच्या पूर्वेस मांजरा पुन्हा भेटली. औरादला सोडलेली ती काटकुळी नदी हीच, यावर विश्वास बसेना. पात्र रुंद, वाळू पांढरी आणि चाळल्यासारखी. आणि त्याच गुणामुळे तिच्यावर संकट. सबंध प्रवासात आम्हांला खरे भय वाटले ते याच काठाच्या वाटेवर, जेथे वाळूच्या टिप्परांनी गाडीमार्गाची दोन खोल चाकोऱ्यांत वाताहत केलेली होती आणि समोरून आलेले धूड बाजूला व्हायचे नाव घेत नव्हते. आम्ही बांधावर चढून उभे राहिलो. ‘साडेसोळा फूट यांच्यासाठी नव्हते,’ एवढेच निमतानदारसाहेब म्हणाले.

सालूऱ्याच्या पुलावरून नदी ओलांडून तेलंगणात शिरल्यावर निजामसागराच्या पाण्यावरची भातशेती सुरू झाली, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास आम्ही कंदकुर्तीला पोहोचलो. गोदावरी, मांजरा आणि हरिद्रा असा हा त्रिवेणी संगम मानतात. हरिद्रा आम्हांला दिसली नाही. मांजरा मात्र कोणताही आवाज न करता गोदावरीत मिसळत होती. घाटावर कपडे पिळणाऱ्या एका म्हाताऱ्याने तेलुगूत काही विचारले. कोठून आलात असा अर्थ असावा असे धरून मी ‘लातूर’ म्हणालो. त्याने सायकलींकडे पाहिले, नदीकडे पाहिले, आणि हाताने मोठा वळसा काढून दाखविला. त्याला भूगोल पाठ होता.

कंदकुर्तीचा पूल ओलांडून धर्माबादेपर्यंत आम्हांला मोठ्या रस्त्याने जावे लागले. तेलंगणातील मौज्यांचे नकाशे नळकांडीत नव्हते आणि धर्माबादेकडचे आणावयाचे राहून गेले होते. ट्रकांच्या दिव्यांत, मिरचीच्या पोत्यांचा ठसका घेत, आम्ही स्टेशन गाठले, आणि सर्वानुमते, म्हणजे दोघांच्या मते, नांदेडपर्यंतचा उरलेला टप्पा सकाळच्या गाडीने करावयाचे ठरले. निजामाच्या काळी १९०० च्या सुमारास घातलेला हा लोहमार्ग. त्याचे मूळ नावच मुळी गोदावरी खोऱ्याची रेल्वे असे होते, तेव्हा नदीचा माग सोडला असे कोणी म्हणू नये. सायकली सामानाच्या डब्यात चढविल्या. करखेली गेले. उमरी आली, जेथील बँक १९४८ च्या जानेवारीत हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी लुटून पैसा चळवळीला दिला. मी ते आठवत होतो, आणि निमतानदारसाहेब खिडकीच्या गजांना नाक लावून बाहेर पाहत होते; रुळांना समांतर, बाभळींच्या रांगेतून, मधेच नांगरटीत हरवत आणि पुन्हा उगवत एक वाट चाललेली होती.

‘शिव आहे ती,’ ते म्हणाले, ‘उमरीची.’ आणि त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली.